लाइट गेल्यानंतरचे साडेनऊ तास

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळाचा हा दिवस रत्नागिरीकरांच्या लक्षात आहे तो मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलेल्या ‘बसरा स्टार’ जहाजामुळे आणि दापोली-मंडणगडकडे आडव्या झालेल्या बागांमुळे. त्याच संध्याकाळी मांडवीत, आमच्या जुन्या घरी, एक लॅपटॉप जळाला. माणसं वाचली, घर वाचलं, म्हणून ही गोष्ट गल्लीबाहेर गेली नाही. ती लिहायला हवी असं मला वाटतं, कारण लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात ‘चार्जर काढला की तापतो’ ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आधी पंख्यावर संशय घेतलेला असतो. पंखा हे कारण असू शकतं. पण बॅटरीवर तापणाऱ्या लॅपटॉपमध्ये उष्णतेची दोन वेगळी घरं असतात, आणि त्यातल्या एका घरचा ताप दुरुस्त होत नाही.

खालच्या वेळा दोन ठिकाणाहून आल्या आहेत. ८.१२, ९.३८, ९.४०, १०.५१ आणि ५.४९ या वेळा लॅपटॉपच्या नोंदवहीतल्या, म्हणजे सिस्टम लॉगमधल्या आहेत. एसएसडी बचावली होती, ती दुसऱ्या मशीनला लावून मी त्या वाचल्या. बाकीच्या घरच्यांच्या आठवणीतल्या.

मंगळवार, २ जून, रात्री १०. उरले २० तास.

अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं त्या दुपारीच चक्रीवादळ झालं होतं. घरात जे जे चार्ज होतं ते सगळं चार्जला लावलं गेलं. लॅपटॉपला वेगळं लावावं लागलं नाही, तो लावलेलाच होता. माझी भाची मार्चमध्ये पुण्याहून आजोळी आली, लॉकडाउन लागलं आणि तिचं ऑफिस आमच्या माजघरातल्या टेबलावर आलं. तेव्हापासून चार्जर काढलेला नव्हता. एप्रिल-मेचा उकाडा, कौलारू घर, दुपारचं तापलेलं माजघर आणि बॅटरी दिवसरात्र शंभर टक्के.

खरं नुकसान याच दोन महिन्यांत झालं. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, आणि त्या दाबाखाली आतला द्रव हळूहळू विघटित होतो. उष्णता त्याला घाई करते. ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची क्षमता साधारण ६५ टक्क्यांवर येते. तोच सेल ४० टक्के भरून ठेवला तर ८५ टक्के उरते. विघटनातून वायू तयार होतो. जुन्या लॅपटॉपमधले सेल लोखंडी नळकांड्यात असत, वायू आतच दाबला जाई. आताच्या पातळ लॅपटॉपमध्ये ते प्लॅस्टिक-अॅल्युमिनियमच्या पाकिटात असतात, आणि पाकीट फुगतं.

मे महिन्यात तिच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांनी बॅटरी रिपोर्ट मागवला होता. तो तिच्या मेलमध्ये सापडला. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, उरलेली २६,९००. उत्तर आलं होतं की ऑफिस उघडलं की बदलून देऊ. त्या दिवसांत दुसरं कोण काय सांगणार होतं?

बुधवार, ३ जून, सकाळी ६.३०. उरले ११ तास.

वारा सुटला होता. भाची टाइप करायला बसली तर लॅपटॉप डुगडुगत होता. पुढचा एक कोपरा टेबलाला टेकत नव्हता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टेबलाचा पाय आखूड झाला असावा असं समजून पायाखाली कागदाची घडी सरकवली. टेबल स्थिर झालं, लॅपटॉप डुगडुगतच राहिला. मग आबांनी दुसरी घडी लॅपटॉपखाली घातली.

दुसरी खूण तिने मला नंतर सांगितली. आठवडाभर टचपॅड खाली दबत नव्हता. बोट फिरवलं तर चाले, पण दाबून क्लिक होत नसे. धूळ गेली असेल असं समजून ती माउस वापरत होती.

या दोन खुणा एकत्र दिसल्या की पुढचं काही तपासायची गरज उरत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी हातांच्या मनगटांखाली असते आणि तिच्या बरोबर वर टचपॅड. बॅटरी फुगली की वर टचपॅड अडतो, खाली तळाचं झाकण पोट काढतं. त्या क्षणी मशीन बंद करावं, चार्जर काढावा, बॅटरी कोणाकडून तरी काढून घ्यावी. घरात हे माहीत असलेलं कोणी नव्हतं. मी नाचणे गावात होतो, आणि त्या सकाळी फोन झाला तो पाण्याचा आणि मेणबत्त्यांचा.

८.१२. उरले साडेनऊ तास.

लाइट गेली. लॉगमध्ये या मिनिटाला नोंद आहे: वीजपुरवठा चार्जरवरून बॅटरीवर.

‘बॅटरीवर तापतो’ या तक्रारीत जी विसंगती आहे ती इथे सांगायला हवी. बॅटरीवर चालताना लॅपटॉप खरं तर थंड राहायला हवा. चार्जिंगची उष्णता थांबलेली असते, शिवाय बहुतेक मशीन्स बॅटरीवर प्रोसेसरला कमी वीज देतात. निरोगी बॅटरी अकरा-बारा वॅट देताना जेमतेम कोमट होते. म्हणून चार्जर काढल्यावर ताप वाढला तर कारणं मोजकीच उरतात. कोणीतरी पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ला नेऊन ठेवलेला असतो. किंवा चार्जर काढल्यावर मशीन टेबलावरून उठून मांडीवर, गादीवर गेलेलं असतं. किंवा ते झोपतच नाही. नाहीतर उष्णता बॅटरीची स्वतःची असते.

त्या दिवशी आमच्या घरात ही चारही कारणं एका मशीनमध्ये जमली होती.

९.०५. उरले पावणेनऊ तास.

मांडवीच्या घरांना समुद्र समोरून लागतो. खिडक्या-दारं बंद, फटींतून पाणी आत, म्हणून टेबल सोडून भाची आतल्या खोलीत पलंगावर गेली. लॅपटॉप गोधडीवर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मीटिंग सुरू होती, कॅमेरा चालू, आणि चित्र अडकू नये म्हणून तिने पॉवरची पट्टी सरकवून ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर नेली होती. पंखा घोंघावू लागला. डाव्या वरच्या कोपऱ्यात, बिजागरीपाशी, हात ठेववेना.

हे उष्णतेचं पहिलं घर. प्रोसेसर तिथे बसतो, तांब्याची नळी त्याची उष्णता बाजूच्या बारीक पाकळ्यांकडे नेते, पंखा त्यांतून हवा फुंकतो. हवा येते तळाच्या जाळीतून, आणि जाळी गोधडीत बुडालेली. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ पोचला की स्वतःचा वेग उतरवतो, अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद करतो. हा ताप त्रासाचा असतो, पण मशीन तो सांभाळतं. लाकडी फळीवर ठेवा, पॉवर मोड खाली आणा, कॅमेरा बंद करा, टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर कोण खातंय ते बघा. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत फरक पडतो.

ते मशीन नंतर उघडलं तेव्हा पाकळ्यांवर राखाडी लोकरीसारखा थर होता, बोटाला ओलसर, चिकट. समुद्राकाठी धूळ कोरडी राहत नाही, हवेतलं मीठ ओलावा धरतं आणि धुळीचा लगदा पाकळ्यांत बसतो. स्पीकरच्या चुंबकाभोवती काळ्या कणांचं कडं जमलं होतं. मांडवीची वाळू काळी आहे, तिच्यात लोहयुक्त खनिजं आहेत, तळव्यांना लागून ती घरभर होते आणि जिथे चुंबक दिसेल तिथे चिकटते. किनाऱ्यावरच्या लॅपटॉपचा पंखा वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावा. देशावरच्या मशीनला लागू असलेला हिशेब इथे चालत नाही.

९.३८. उरले सव्वाआठ तास.

मोबाइलची रेंज गेली, मीटिंग तुटली. त्याच सुमारास माजघरावरची कौलं उडाली आणि पाणी आत यायला लागलं. बॅटरी चाळीस टक्क्यांच्या आसपास. भाचीने झाकण लावलं, लॅपटॉप ऑफिसच्या बॅगेत घातला, बॅगेत आधीच चार्जर आणि फायली होत्या, बॅगेभोवती रेनकोट गुंडाळला आणि सगळं कपाटात ठेवून दार लावलं. कंपनीची वस्तू भिजू नये म्हणून. त्या घाईत कोणीही हेच केलं असतं.

झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो ही समजूत जुन्या मशीन्सपुरती बरोबर होती. हल्लीचे अनेक लॅपटॉप फोनसारखे अर्धवट जागे राहतात, मेल तपासतात, अपडेट उतरवतात. एखादा प्रोग्रॅम ऐकला नाही तर पूर्ण जागेच राहतात. लॉग पाहिला तर ९.३८ नंतर झोपेची नोंद आहे आणि दोनच मिनिटांनी जागं झाल्याची. त्यानंतर झोप नाही. मीटिंगचा प्रोग्रॅम तुटलेली जोडणी पुन्हा पुन्हा शोधत होता, अँटिव्हायरसची रोजची तपासणी त्याच वेळेला लागलेली होती.

९.४० ते १०.५१.

एकाहत्तर मिनिटं. अकरा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा, रेनकोटमध्ये गुंडाळलेल्या बॅगेत, बंद कपाटात. पंखा फिरत होता, पण तीच तापलेली हवा आत ओढत होता. आता प्रोसेसरची उष्णता कोपऱ्यात राहिली नाही, सगळ्या पत्र्यात पसरली आणि मनगटांखालच्या बॅटरीत मुरली. लिथियम-आयन सेलला वापरताना साधारण ६० अंशांपर्यंतची परवानगी असते, भरताना ४५ पर्यंतची. त्या बॅगेतलं तापमान कोणी मोजलं नाही. आधीच फुगलेल्या सेलमध्ये त्या तासाभरात आणखी वायू तयार झाला, हे बॅग उघडल्यावर दिसलं.

चालू लॅपटॉप बॅगेत तापणं ही जगभरची तक्रार आहे. विमानांत ती जिवावरची होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या डीजीसीएने प्रवाशांना १५ इंची मॅकबुक प्रोची काही मॉडेल्स विमानात नेऊ नका असं सांगितलं, कारण २०१५ ते २०१७ दरम्यान विकलेल्या त्या मशीन्सच्या बॅटऱ्या तापून पेट घेण्याचा धोका असल्याचं खुद्द अॅपलनेच जाहीर केलं होतं.

बॅगेत ठेवण्याआधी पूर्ण शटडाउन किंवा हायबरनेट. सेटिंगमध्ये ‘झाकण लावल्यावर काय करायचं’ हा पर्याय असतो, तिथे बॅटरीसाठी हायबरनेट निवडून ठेवता येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

१०.५१ ला बॅटरी संपली आणि मशीन पडलं.

११.२०. उरले साडेसहा तास.

वहिनींनी कपडे काढायला कपाट उघडलं तर आत गरम वाफ. बॅग भाकरी उतरवलेल्या तव्यासारखी लागत होती. लॅपटॉप बाहेर काढला. झाकण नीट मिटत नव्हतं, टचपॅडची कड वर आलेली. आणि वास येत होता, गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा.

या दिवसातली ही सगळ्यात महत्त्वाची वेळ. मशीन बंद पडून अर्धा तास झाला होता. प्रोसेसरकडून उष्णता येणं थांबलेलं होतं. डावा वरचा कोपरा निवत चालला होता असं भाची सांगते, मनगटांखालचा भाग मात्र गरमच होता. हे दुसरं घर. बंद मशीनमध्ये बॅटरीची जागा सगळ्यात गरम असेल, तर ती मशीनच्या कामाची उष्णता उरलेली नाही. गोड वास म्हणजे पाकिटाची शिवण उसवली आणि आतलं द्रावण बाहेर येतंय. याला ना पंखा साफ करून उपाय, ना सेटिंग बदलून. लॅपटॉप घराबाहेर, आडोशाला, लादीवर किंवा दगडावर ठेवायचा, जवळ कापूस-कागद काही ठेवायचं नाही, आणि पुन्हा वीज दाखवायची नाही.

कोणीतरी फ्रिजमध्ये ठेवूया म्हणालं. आबांनी नको म्हटलं, ते बरं झालं. थंडीत आत दव धरलं असतं आणि बंद फ्रिजमध्ये तो वायू कोंडला असता. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या लादीवर ठेवला गेला. तासाभरात तो हाताला गार लागला आणि सगळ्यांना वाटलं, उतरला ताप.

दुपारी १२.३० ते २.३०.

या दोन तासांत निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून जमिनीवर गेलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. रत्नागिरीचा जोर सकाळीच होऊन गेला होता. गल्लीतली माणसं कौलं वेचायला, फांद्या तोडायला बाहेर पडली. लॅपटॉपकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

४.२०. उरला दीड तास.

शेजाऱ्यांनी जनरेटर लावला आणि आळीला सांगितलं, फोन आणा चार्जिंगला. त्यांच्याकडून एक वायर आमच्या पडवीत आली. भाचीचा रिपोर्ट त्याच दिवशी जायला हवा होता, फाइल फक्त लॅपटॉपमध्ये. तिने चार्जर लावला. नारिंगी दिवा लुकलुकू लागला.

लुकलुकणारा दिवा म्हणजे मशीन नकार देत होतं. बॅटरीत सर्किटची एक छोटी पाटी असते, ती सेलचा दाब आणि तापमान बघते आणि काही बिनसलं की चार्ज घेत नाही. भाचीने पिन काढून पुन्हा लावली, पॉवरचं बटण धरून ठेवलं, पुन्हा लावली. हे सगळे लोक करतात, पुष्कळ वेळा त्याने कामही होतं. थोड्या वेळाने दिवा स्थिर झाला. तापमान बघणारा सेन्सर सहसा एखाद्याच सेलपाशी असतो. तिथलं मापन मर्यादेत आलं की पाटी होकार देते, मग शेजारचा सेल कसाही असो.

नंतर गल्लीत सगळे जनरेटरला दोष देत होते, विजेचा दाब खालीवर झाला म्हणून जळालं. ते खरं नाही, आणि त्या शेजाऱ्यांच्या मनात अजून रुखरुख आहे म्हणून स्पष्ट लिहितो. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतो आणि पुढे ठरलेलाच दाब देतो. जनरेटरच्या जागी सरकारी लाइट आली असती तरी हेच झालं असतं.

५.१५.

भाचीने मशीन सुरू केलं, फाइल उघडली, लिहायला बसली. लॅपटॉप पडवीत, लाकडी पाटावर. पंखा शांत होता. दहा-पंधरा मिनिटांत मनगटांना चटका बसायला लागला तेव्हा तिने हात उचलून घेतले आणि माउस धरला. पंखा शांत आणि मनगटाला चटका: याहून स्पष्ट खूण मशीन देऊ शकत नाही.

फुगलेल्या सेलमध्ये आतले थर एकमेकांपासून सुटलेले असतात. भरताना लिथियम सगळीकडे सारखं मुरत नाही, जागोजाग धातू होऊन साचतं. त्यात वरून टचपॅडचा धातूचा पत्रा पाकिटावर दाबलेला. दोन थरांमधला पडदा कुठेतरी फाटला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो, तापतो, ८०-९० अंशांपुढे आतली रसायनं स्वतःच उष्णता देऊ लागतात, १३० च्या आसपास प्लॅस्टिकचा पडदा वितळतो. तिथून पुढे चार्जर काढूनही ते थांबत नाही.

५.५०.

आधी ‘टक्’ असा आवाज, मग फुसकारा, मग टचपॅडच्या फटीतून पांढरा दाट धूर. लॉगमधली शेवटची नोंद ५.४९ ची आहे.

भाची मागे सरली. आबांनी वायर सॉकेटमधून उपटली, पाट दोन्ही हातांनी उचलला आणि लॅपटॉपसकट अंगणात, ओल्या चिऱ्यांवर टाकला. पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाने. काही सेकंदांत दुसरा सेल गेला, या वेळी ज्वाळेसह. पडवीत वर लाकडी वासे, शेजारी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची चवड आणि पेट्यांत सुकं गवत होतं.

पाणी ओतायचं की नाही यावर अंगणात वाद झाला. लिथियमवर पाणी नको, असं कोणीतरी शाळेतलं आठवून म्हणालं. शाळेतलं ते शुद्ध धातूबद्दल असतं. लॅपटॉपच्या सेलमध्ये तसा धातू नसतो, असला तर अगदी थोडा, आणि पुढचे सेल पेटू नयेत म्हणून थंड करणं हाच उपाय असतो. विजेची वायर काढलेली असेल तर लांबून भरपूर पाणी ओतावं. वहिनींनी दोन बादल्या ओतल्या. बरोबर केलं.

धुराबद्दल मात्र कोणालाच कल्पना नव्हती. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं, घशाला आणि फुप्फुसांना जाळणारं. आबा वारा येत होता त्या बाजूला उभे राहिले नाहीत. त्यांना रात्रभर खोकला होता, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावं लागलं. आठवड्याने बरे झाले.

२००६ मध्ये जपानमधल्या ओसाकात एका परिषदेत डेलचा लॅपटॉप भर सभेत पेटला होता. त्यानंतर डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्या सोनीच्या सेलमध्ये कारखान्यातच धातूचे कण राहिले होते, वापरणाऱ्याला बाहेरून काही दिसायची सोय नव्हती. मांडवीच्या लॅपटॉपने आठवडाभर आधीपासूनच सांगायला सुरुवात केली होती.

६.४० आणि पुढे.

रस्त्यात झाडं पडलेली, मी नाचण्याहून चालत आलो. अंगणात काळा पत्रा पडला होता. तो रात्रभर तिथेच, उघड्यावर ठेवला, कारण विझलेली बॅटरी काही तासांनंतरही पुन्हा पेटू शकते. सकाळी हातमोजे घालून उघडला. तीनपैकी दोन सेलची राख झालेली. बॅटरी अर्धवटच भरली होती म्हणून ज्वाळा थोडक्यात आटोपली. सकाळसारखी शंभर टक्के भरलेली असती तर पाट उचलायला वेळ मिळाला नसता.

तिसरा सेल फुगून उशी झालेला, पण शाबूत होता. मल्टिमीटर लावला तर ३.८ व्होल्ट. म्हणजे जिवंत. तो तसाच भंगारात गेला असता तर भंगारवाल्याच्या गोणीत, कोणीतरी पत्र्यावर पत्रा टाकताना, पुन्हा हेच झालं असतं. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, कोरड्या वाळूच्या डब्यात पुरला, डबा घरापासून लांब विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि रस्ते सुरू झाल्यावर ई-कचरा घेणाऱ्यांच्या हातात दिला, आत काय आहे ते सांगून.